फाटकवाल्याचा फळा

पेडगावाच्या पुढं सात किलोमीटर आत कवठाळी नावाचं गाव आहे, आणि या गावाला स्वतःचा फार अभिमान आहे. कशाचा, ते विचारू नये. विचारलं की लोक आधी कमान दाखवतात. कमान खरोखर टोलेजंग आहे, शहरातल्या एखाद्या कॉलेजला शोभेल अशी. तिच्याखालून गावात जाणारा रस्ता मात्र असा आहे की बैलगाड्यासुद्धा कमान टाळून बाजूच्या शेतातून जातात. कमान आधी झाली, रस्ता मागून होणार होता. त्याला आता नऊ वर्षं झाली.

या कमानीपासून अकरावं घर लिंबाजीचं. रेल्वेच्या फाटकावर एकतीस वर्षं नोकरी करून निवृत्त झालेला माणूस. अंगानं किडकिडीत, बोलायला कमी आणि लिहायला खोचक. घराच्या दर्शनी भिंतीवर, जाणाऱ्या-येणाऱ्याला वाचता येईल अशा उंचीवर, त्यानं एक लाकडी फळा ठोकला होता. रोज पहाटे उठून, चूळ भरून, चहाच्या आधी तो फळ्यावर खडूनं एक ओळ लिहायचा. एकच ओळ. लोक किटल्या घेऊन डेअरीवर निघाले की थांबून वाचायचे. 'कमान झाली, आता तिच्यामागं गाव बांधा.' 'डेअरीच्या पाण्यात कुणाचं दूध सापडल्यास परत करावं.' 'काल ग्रामसभा झाली. हात वर होते, माना खाली होत्या.' वाचून एखादा खुदकन हसायचा. पण हसायच्या आधी मागं कोण उभं आहे ते बघून घ्यायचा.

या फळ्याखेरीज लिंबाजीजवळ जीव लावावा असं फारसं काही नव्हतं. दोन एकर कोरडवाहू रान बटाईनं दिलेलं, लेक पूर्णेला दिलेली, घरात बायको सरजाबाई. पण फळा त्याचा स्वतःचा होता. एकतीस वर्षं त्यानं वहीत जे लिहिलं ते दुसऱ्यानं फोनवरून सांगितलेले आकडे होते. उरलेलं आयुष्य आपल्या मनातलं लिहावं, एवढीच त्याची हाव. सरकारनं पेन्शन द्यावं आणि गावानं भिंतीवर चार फूट जागा सोडावी, याच्यापलीकडं त्याचं मागणं नव्हतं. त्यातलं पेन्शन मिळालं.

त्याचं फाटक पूर्णेच्या अलीकडं होतं, एका आडरस्त्यावर. एक खोली, एक फोन, दोन झेंड्या आणि चौफेर ज्वारी. स्टेशनावरून फोन यायचा, येणाऱ्या गाडीचा खुणेचा आकडा सांगितला जायचा, तो वहीत उतरवायचा, दांडा फिरवून फाटक पाडायचं. मग गाडी जाईपर्यंत फाटक उघडायचं नाही. सगळी नोकरी या एवढ्या वाक्यात मावते, पण वाक्य पाळणं सोपं नव्हतं. वऱ्हाड अडकायचं आणि मुहूर्त टळतो म्हणून नवरदेवाचा मामा आईमाईवरून शिव्या द्यायचा. पुढाऱ्याची गाडी यायची आणि ड्रायव्हर उतरून विचारायचा, आत कोण बसलंय ठाऊक हाय का? लिंबाजी म्हणायचा, मला न्हाई ठाऊक, आन् रुळावरून येणाऱ्या गाडीलाबी न्हाई. मग हात मांडीवर ठेवून स्टुलावर बसून राहायचा. लोकांचा एक क्रम त्याच्या पक्का ध्यानात आला होता. आधी हॉर्न वाजवतात, मग शिव्या देतात, मग विनवण्या करतात आणि शेवटी गप्प होतात. एकतीस वर्षांत हा क्रम एकदाही चुकला नाही.

दोन गाड्यांच्या मधल्या वेळात तो वाचायचा. पूर्णेच्या वाचनालयातून पिशवी भरून पुस्तकं आणायचा, आणि त्यातही त्याला गोडी होती ती उद्याच्या जगाच्या गोष्टींची. ज्या जगात माणसांना नावाऐवजी आकडे असतात, सगळ्यांचे कपडे एक, उठायची वेळ एक, आणि कुणी वेगळं बोललं की त्याला गोडीगुलाबीनं दुरुस्त करतात. लिहिणाऱ्यांना हे भयानक वाटत होतं. लिंबाजीला वाटायचं, एवढं डोकं शिणवायची काय गरज होती? हे लोक कवठाळीला आठ दिवस मुक्कामाला आले असते तरी भागलं असतं.

कारण कवठाळीत गेल्या पंचवीस वर्षांत निवडणूक झाली नव्हती. गाव बिनविरोध. सरपंचपद खुलं असलं की आबासाहेब सरपंच, बायकांना राखीव झालं की त्यांची सून बबिता सरपंच. बबिता सही करायची, सही कुठं करायची तिथं आबासाहेबांचं बोट असायचं. ग्रामसभेत आबासाहेब 'मंजूर?' म्हणायचे आणि काय मंजूर हे कळायच्या आत शंभर हात वर जायचे. नंदीबैलाला निदान गुबुगुबु वाजवावं लागतं, या गावाला तेही लागत नव्हतं. यालाच तिथं एकी म्हणतात, आणि ती बघायला तालुक्याची माणसं येतात.

याच रागातून फाटकाच्या खोलीत लिंबाजीनं एक नाटक लिहिलं. नाव 'एका रंगाचं गाव'. त्या गावाला सात नियम. सगळी घरं एका रंगाची. पहाटे भोंगा वाजला की सगळ्यांनी ओट्यावर येऊन 'आम्ही आनंदात आहोत' म्हणायचं. भांडायचं असेल तर आधी अर्ज करायचा. प्रश्न विचारायच्या आधी हात वर करायचा. असं एकेक करत सातवा नियम होता, की गावात फळा एकच आणि त्यावर विचारही एकच. शेवटी गावात मोठे पाहुणे येतात, सगळे टाळ्या वाजवतात, फक्त एक म्हातारा वाजवत नाही. लोक त्याचे हात धरून एकमेकांवर आपटतात. तेव्हा म्हातारा म्हणतो, 'टाळी तुमची आहे. हात माझे आहेत.' इथं पडदा.

निवृत्तीनंतर तिसऱ्या वर्षी शाळेचे मुख्याध्यापक पंडितराव घरी आले. आदल्या वर्षीच्या स्नेहसंमेलनातल्या नाचावरून तक्रारी झाल्या होत्या, म्हणून त्यांना काहीतरी बोधप्रद हवं होतं. लिंबाजीनं वही दिली. पंडितरावांना नाटक फार आवडलं, फक्त शेवट तेवढा त्यांना खटकला. पोरांसमोर असा नकारात्मक शेवट बरा दिसत नाही, शिवाय पुढच्या रांगेत आबासाहेब बसणार. म्हणून त्यांनी म्हाताऱ्याचं वाक्य काढून टाकलं आणि शेवटी म्हातारा आपण होऊन टाळी वाजवतो, सगळे त्याला खांद्यावर घेतात आणि गाणं लागतं, असं केलं. लिंबाजी तालमीत जाऊन भांडला. नाटकाचा जीवच काढला म्हणाला. पंडितरावांनी चहा पाजला.

संमेलनाच्या दिवशी नववीतल्या प्रियांकानं कापसाची दाढी लावून म्हाताऱ्याचं काम केलं. ती हात मागं बांधून उभी राहिली तेव्हा मंडप चिडीचूप झाला, आणि शेवटी तिनं टाळी वाजवली तेव्हा सगळ्या मंडपानं वाजवली. लेखक म्हणून लिंबाजीला वर बोलावलं. शाल आणि नारळ. आणि इथं खरं ते सांगितलं पाहिजे: त्याला बरं वाटलं. आयुष्यभर ज्यानं शिव्याच ऐकल्या त्याच्या कानावर पहिल्यांदाच टाळ्या पडत होत्या. शेवट कापल्याचं तो त्या पाच मिनिटांत विसरला. शाल त्यानं घरी आणून पेटीत नीट घडी करून ठेवली. सरजाबाई म्हणाली, "एवढं भांडून आलाव आन् शालीवर मिटवलाव व्हय?"

पुढच्या वर्षी जिल्ह्यात सुंदर गावांची स्पर्धा निघाली. पहिल्या येणाऱ्या गावाला मोठं बक्षीस आणि पेपरात फोटो. आबासाहेबांचा फोटो पेपरात येऊन बरेच दिवस झाले होते. एका सकाळी ते स्वतः लिंबाजीच्या ओट्यावर येऊन बसले. काखेत नाटकाची झेरॉक्स होती आणि नियमांखाली लाल पेनानं रेघा मारलेल्या होत्या.

"लिंबाजीराव, तुमचं नाटक म्या तीनदा वाचलो. लय पुढचा विचार हाय. आपून ह्ये गावात करायलाव."

लिंबाजीला आधी थट्टा वाटली. पण आबासाहेबांना थट्टा येत नाही, हे सगळ्या गावाला माहीत आहे. तो सावकाश म्हणाला, "आबासाहेब, ते गाव वाईट हाय. म्हणून तर लिहिलो."

"वाईट कसं? कुनी भांडत न्हाई. कुनी कुनाला नावं ठेवत न्हाई. समदे एका टायमाला उठायलेत, समद्यांची घरं सारखी. ह्यात वाईट काय हाय, ते सांगा की."

आबासाहेबांच्या चेहऱ्यावर लबाडी नव्हती, हीच खरी अडचण होती. त्यांना मनापासून कळत नव्हतं. तीस वर्षं वाचलेलं सगळं लिंबाजीच्या ओठापर्यंत आलं आणि त्या भाबड्या, पोट भरलेल्या चेहऱ्याकडं बघून परत गेलं. थट्टा समजावून सांगायची वेळ आली की ती मेली असं समजावं. गाढवापुढं वाचली गीता, कालचा गोंधळ बरा होता. गाढवाला निदान गीता अमलात आणायची हौस नसते, इथं तीही होती.

ग्रामसभेत ठराव झाला. 'श्री. लिंबाजी यांच्या संकल्पनेतून' अशी सुरुवात होती. हात वर झाले.

रंगापासून आरंभ. फिकट गुलाबी, खोडरबराचा असतो तसा. पेंटर माऊलीला बोलावलं आणि तीन आठवड्यांत अख्खं गाव त्या रंगाचं झालं. घरं, गोठे, पाण्याची टाकी, हातपंप, आणि कडूबाईच्या दारातली म्हैस भिंतीला टेकून बसली होती म्हणून तिचं ढुंगणसुद्धा. मग चौकाचौकात खांब उभे राहिले आणि खांबांवर भोंगे. पहाटे साडेपाचला भोंगा वाजायचा, लोक डोळे चोळत ओट्यावर यायचे आणि आपण आनंदात असल्याचं सांगून परत झोपायचे. लिंबाजीच्या नाटकात नव्हती अशी एक भर गावानं स्वतःच्या अकलेनं घातली. 'कवठाळी एक परिवार' नावाचा व्हॉट्सॲप ग्रुप काढला आणि सहाच्या आत प्रत्येक घरानं त्यावर अंगठा टाकायचा असं ठरलं. ज्यानं टाकला नाही त्याचं नाव भोंग्यावरून पुकारायचं. कडूबाईचा दीर गेला त्या सकाळी तिच्या लेकानं आधी अंगठा टाकला आणि मग तो रडायला बसला. हे लोक पुढं कौतुकानं सांगायचे.

लिंबाजी बघत होता. आपण लिहिलेली वाक्यं भोंग्यातून, पंडितरावांच्या घशातून बाहेर पडताना त्याला ऐकू यायची. आपलेच दात आपलेच ओठ, तक्रार करायची कुणाकडं? त्यानं फळ्यावर लिहिलं, 'हे सगळं चेष्टेनं लिहिलं होतं.' लोकांनी वाचलं, आणि लेखक किती विनयशील आहे म्हणून माना डोलावल्या.

घरात वेगळंच पेटलं होतं. सरजाबाई म्हणजे गावातली नावाजलेली भांडकुदळ. नळावर ती आली की पोरीबाळी घागरी बाजूला घेऊन ऐकत बसायच्या, इतकी तिची जीभ रसाळ. तिच्या शिव्या पिढीजात होत्या, तिच्या आईनं दिलेल्या, आजीनं दिलेल्या, आणि त्यातली एकही तिनं कधी दोनदा सारखी वापरली नाही. आता भांडायला अर्ज लागू लागला. कारण, विरुद्ध पक्षाचं नाव आणि अंदाजे वेळ. तिनं एकदा रागानं अर्ज केलासुद्धा. आठ दिवसांनी मंजूर होऊन आला, तोवर तिला राग कशाचा होता तेच आठवेना. तो कागद तिनं लिंबाजीच्या पुढ्यात टाकला. "ह्ये तुमचं पाप हाय," म्हणाली. "माज्या तोंडाला कुलूप लावायला तुमची वही कामाला आली." त्या दिवसापासून ती नळावर मुकी जायची, मुकी यायची. लिंबाजीला तिच्या शिव्यांपेक्षा हे जास्त लागलं.

आणि मग सातव्या नियमाचा नंबर आला. हे येणार हे लिंबाजीला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. लिहिलं त्यानंच होतं. ग्रामपंचायतीचे दोन शिपाई ठराव घेऊन आले, त्याच्या पाया पडले आणि फळा काढू लागले. लिंबाजी आडवा उभा राहिला. हा फळा माझ्या भिंतीवर, माझ्या पैशाचा, म्हणाला. शिपाई बिचारे घाबरले. तेवढ्यात आबासाहेब आणि पंडितराव आले. पंडितराव म्हणाले की फळा नेत नाही, त्याला मोठा करतोय. कमानीखाली गावाचा नवा फळा होणार, आणि त्यावर काय लिहायचं हे ठरवायला सुविचार समिती, आणि अध्यक्ष अर्थात लिंबाजी. बावन्न सुविचारांची मंजूर यादी त्यांनी सोबत आणली होती, आठवड्याला एक. पहिला होता, 'हसत राहा.'

लिंबाजी गप्प राहिला. त्याच्या बाजूनं बोलायचं तर त्याला संताप आवरत नव्हता म्हणून तो गप्प राहिला. त्याच्या विरुद्ध बोलायचं तर अध्यक्ष हा शब्द ऐकून त्याच्या आत कुठंतरी ती शाल जरा हलली, आणि नाही म्हणायला त्याला दोन क्षण उशीर झाला. कवठाळीत दोन क्षण पुष्कळ झाले. तिथं गप्प राहणं म्हणजे होकार. शिपायांनी फळा उचलला आणि तिसऱ्या दिवशी कमानीखालच्या नव्या फळ्यावर कोपऱ्यात ऑइलपेंटनं नाव आलं: अध्यक्ष, श्री. लिंबाजी. घराच्या भिंतीवर फळ्याच्या जागी जुन्या चुन्याचा चौकोन उरला होता. माऊलीनं तोही गुलाबी केला.

त्यानंतर लिंबाजी पहाटे उठायचा, चूळ भरायचा आणि खडू हातात धरून ओट्यावर उभा राहायचा. लिहायला जागा नाही म्हटल्यावर डोक्यात ओळी येणंच बंद झालं. आठ-दहा दिवसांनी तर भोंगा वाजला तेव्हा 'आम्ही आनंदात आहोत' हे त्याच्या तोंडून निघून गेलं. जवळ कुणी नव्हतं, कुणी ऐकलं नाही. पण त्यानं ऐकलं, आणि त्याला स्वतःची भीती वाटली.

तपासणीची समिती फेब्रुवारीत आली. मोठा मंडप, पुरुष पांढऱ्या टोप्यांत, बायका गुलाबी साड्यांत. साड्या एकाच गठ्ठ्यातल्या आणि अंगाला खाजणाऱ्या. पाहुण्यांना कमानीखालून आणलं नाही, शेतातून आणलं. समितीचे प्रमुख गोरेगोमटे, मवाळ बोलणारे अधिकारी होते आणि त्यांना सगळंच अप्रतिम वाटत होतं. भोंगा अप्रतिम, अंगठे अप्रतिम, म्हैससुद्धा. आबासाहेबांनी सातही नियम वाचून दाखवले आणि मग म्हणाले की या सगळ्याचा जनक आपल्यात बसला आहे. लिंबाजीला वर नेऊन खुर्चीत बसवलं. दुसरी शाल. दुसरा नारळ. पंडितरावांनी शिट्टी वाजवली, कारण टाळ्या शिट्टीवर वाजवायच्या असं ठरलं होतं, आणि सगळा मंडप टाळ्या वाजवू लागला.

लिंबाजीनं शाल खांद्यावरून काढून खुर्चीच्या पाठीवर टाकली आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले.

टाळ्या हळूहळू विरल्या. त्याचे हात तिथंच होते. पहिल्या रांगेतलं कुणीतरी हसलं, कौतुकानं, आणि ते हसू मागंपर्यंत गेलं. लोकांना आठवलं. नाटक चाललंय! म्हातारा आधी टाळी वाजवत नाही आणि मग वाजवतो. आबासाहेबांनी अधिकाऱ्याच्या कानात सांगितलं, बघा साहेब, आता वाजवतील. सगळा मंडप गालात हसत वाट बघू लागला. त्याच्या नाहीचंसुद्धा त्यांनी आधीच नाटक करून ठेवलं होतं. हे लिंबाजीला कळलं. उठून ओरडावं, तर तोही अभिनय ठरला असता. मग त्याला वाटलं, एक गोष्ट आपल्याला येते. दुसरं काही न येवो, ती येते. गाडी जाईपर्यंत फाटक उघडायचं नाही.

तो बसून राहिला. मिनिट गेलं असेल. पंडितरावांनी पुन्हा शिट्टी वाजवली, जोरात, दोनदा. हॉर्न, लिंबाजीनं मनात म्हटलं. मग मागच्या रांगांतून कुजबुज आली, काय लावलंय या थेरड्यानं, गावाची इज्जत घालवतो का. शिव्या. मग आबासाहेब वाकले आणि त्याच्या कानाशी लागले. लिंबाजीराव, एकदाच, माझ्यासाठी, बक्षीस हातचं जायलंय. आबासाहेबांनी कुणाला विनवल्याचं त्या गावात कुणी पाहिलं नव्हतं. लिंबाजीनं त्यांच्याकडं पाहिलं आणि पहिल्यांदाच त्याला ते जरा माणसासारखे दिसले. हात मात्र मांडीवरच राहिले. मग सगळा मंडप गप्प झाला. क्रम चुकला नव्हता.

त्या गप्पपणात त्यानं बायकांच्या बाजूला पाहिलं. सगळ्याजणी टाळीच्या तयारीत हात छातीशी धरून बसल्या होत्या. सरजाबाईनं हात खाली घेतले. पदराखाली नाही घेतले, सगळ्यांना दिसतील असे मांडीवर ठेवले, त्याच्यासारखेच.

शेवटी अधिकाऱ्यालाच सहन होईना. तो उठला, म्हणाला काय अभिनय आहे, अप्रतिम, आणि टाळ्या वाजवू लागला. सुटल्यासारखा सगळा मंडप वाजवू लागला. दोघं सोडून.

गावाचा दुसरा नंबर आला. पहिला आला त्या गावाची कमान जास्त मोठी होती असं ऐकलं. आबासाहेबांचा फोटो आतल्या पानावर छापून आला, तोही अर्धा. दोष लिंबाजीच्या माथी बसला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात तसं त्यानं केलं, असं गाव म्हणू लागलं. खरं तर त्यानं हात नुसते ठेवले होते. अध्यक्षपद काढलं, ऑइलपेंटचं नाव खरवडलं, आणि डेअरीवर लोक त्याच्याशी बोलेनासे झाले.

त्या दिवशी मंडपातून घरी आल्यावर सरजाबाईनं आधी ती गुलाबी साडी बदलली आणि चुलीपुढं पाय पसरून बसली. कवठाळीत त्या वर्षात कुणी उच्चारली नसेल अशी एक शिवी तिनं त्या साडीला हासडली. अर्ज न करता. मग विचारलं, "उद्या काय लिहायलाव?"

"कशावर लिहू? फळा तर नेलाय."

"भित हाय की," ती म्हणाली, आणि चुलीतला विझलेला कोळसा चिमट्यानं काढून त्याच्यापुढं ठेवला. "समदं रंगवून कोरं करून दिलंय त्यांनी. आन् किती जागा पायजे तुमाला?"

दुसऱ्या दिवशी भोंग्याच्या आधी लिंबाजीनं त्या गुलाबी भिंतीवर हातभर अक्षरात लिहिलं, 'हात माझे आहेत.' लोक किटल्या घेऊन गेले, वाचलं, पुढं गेले. दहा वाजता माऊली बादली घेऊन आला आणि मान खाली घालून रंग मारून गेला. तिसऱ्या दिवशी लिंबाजीनं दुसरी ओळ लिहिली. माऊली आला. चौथ्या दिवशी तिसरी. डोक्यात ओळी परत येऊ लागल्या होत्या आणि पहिल्यापेक्षा जास्त झोंबऱ्या येत होत्या. माऊली आता दहाला येत नाही, दुपारनंतर येतो, तोवर डेअरीची दोन्ही वेळची माणसं वाचून होतात. उशिरा का, म्हणून आबासाहेबांनी त्याला झापलं, तेव्हा तो म्हणाला की कोळसा वाळल्याशिवाय रंग धरत नाही. कोळसा वाळत नसतो हे आबासाहेबांना कुणी सांगितलं नाही.

याला आता सव्वा वर्ष झालं. बाकी गावाचा गुलाबी उन्हापावसानं केव्हाच पोपडे धरून गळाला आहे, खालचा जुना चुना दिसतो, आणि पुढची स्पर्धा निघेपर्यंत कुणी त्याच्याकडं बघणार नाही. लिंबाजीच्या भिंतीला मात्र रोज एक हात बसतो. नखानं खरवडलं तर एकावर एक शेकडो थर निघतील आणि प्रत्येक थराखाली एक ओळ. कवठाळीत आज सगळ्यात जाड रंग त्या एका भिंतीवर आहे, आणि तो ग्रामपंचायतीच्या खर्चानं लागतो.